पास मोफत आहे, गाडीचे काय?

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात आमच्या हायस्कूलमधील एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही भाग विस्ताराने दिला आहे.)



संस्थेने स्वतःची बस घ्यावी की नाही, हा विषय गेली दोन वर्षे आपल्याकडे चालू आहे. आखाती देशांत नोकरीस असलेल्या आपल्या गावकऱ्यांनी त्यासाठी वर्गणीची तयारी दाखविली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा वेळी विरुद्ध बोलणारा मनुष्य कोणाला आवडत नाही. तरीही मी आज थोडे विरुद्ध बोलणार आहे. बस नको असे माझे म्हणणे नाही. मुलांना शाळेत आणण्या-नेण्यासाठी राज्य शासन जो पैसा खर्च करते, तो आपल्या मुलामुलींपर्यंत पुरता पोहोचत नाही, आणि तो पोहोचविण्याची खटपट न करता वर्गणीला हात घालणे हे घाईचे होईल, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पुष्कळ पालकांना वाटते, शासन यासाठी काही देत नाही. तुम्हालाही तसे वाटत असेल तर हिशेब करून पाहा. ग्रामीण भागातील पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली घरापासून शाळेपर्यंत एसटीचा पास पूर्ण मोफत आहे. मुलग्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे त्यांनी तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावयाचा. समजा, तुमच्या वाडीच्या फाट्यापासून शाळेपर्यंत एका वेळचे तिकीट १५ रुपये आहे. महिन्याच्या ६० फेऱ्यांचे ९०० रुपये होतात. मुलग्याला सुमारे ३०० पडतील, मुलीला काहीच नाही. वर्षाचे १० महिने धरा आणि पाचवी ते बारावीची ८ वर्षे धरा. एका मुलीमागे ७२,००० रुपये झाले. ही रक्कम आकाशातून पडत नाही. सवलतीचा पैसा राज्य शासन एसटी महामंडळाला भरून देते, म्हणजे तो तुमच्या-माझ्या करातलाच पैसा असतो. पालकाच्या हाती नोट येत नाही म्हणून त्याला ते अनुदान वाटत नाही, इतकेच.

पूर्वी या पासासाठी मुलांना एक दिवस शाळा बुडवून बसस्थानकावर रांगेत उभे राहावे लागे. शाळेचा दाखला, मुख्याध्यापकांची सही, शिक्का, पुन्हा रांग. २०२४ च्या जूनपासून महामंडळाने पास थेट शाळेत देण्याचा उपक्रम सुरू केला. शाळेने नावांची यादी द्यावयाची आणि पास शाळेतच मिळावयाचे. हा मोठा बदल आहे. यादी वेळेवर गेली पाहिजे, ही एकच अट.

मग अडते कुठे? पास म्हणजे भाडे, पास म्हणजे गाडी नव्हे. सवलतीच्या पैशाने तिकिटाचा प्रश्न सुटतो, पण गाडी किती वाजता येईल, ती वाडीच्या किती जवळ येईल, आणि आलीच नाही तर काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर पासावर छापलेले नसते.

आपल्या भागात सकाळची गाडी बहुधा मुक्कामी असते. रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे निघते. तिची वेळ तालुक्याच्या कचेऱ्या, रेल्वे आणि मुंबईकर यांच्या सोयीने ठरलेली आहे. संध्याकाळची गाडी बाजारावर चालते. यात कोणाचा दोष नाही, बाजारकरीच ती गाडी भरतात. पण आपली शाळा सुटते ५ वाजता, बाजाराची गाडी फाट्यावर येते पावणेपाचला, आणि त्यानंतरची सातला. म्हणून आठवी ते दहावीच्या लांबच्या मुली शेवटच्या तासाला दप्तर आवरून दारापाशी उभ्या राहतात आणि "सर, जाऊ?" असे विचारतात. कोणता शिक्षक नाही म्हणेल? हिवाळ्यात सातच्या गाडीने गेलेली मुलगी फाट्यावर उतरते तेव्हा पूर्ण अंधार असतो आणि तेथून वाडी अर्ध्या तासाच्या चालीवर असते.

आता या शेवटच्या तासाचाही हिशेब करू. तास ३५ मिनिटांचा, शाळेचे दिवस २२०. वर्षाला १२८ घड्याळी तास भरतात. दिवसाला ८ तासिका धरल्या तर ती साडेसत्तावीस दिवसांची शाळा झाली. जवळ राहणाऱ्या मुलीपेक्षा लांबची मुलगी दरवर्षी जवळजवळ एक महिना कमी शिकते, आणि हजेरीपटावर मात्र ती हजरच असते! वेळापत्रकात शेवटचा तास चित्रकलेचा किंवा खेळाचा ठेवून आम्ही शिक्षक गणित वाचवतो. पण खेळ आणि चित्रकला लांबच्या मुलींच्या वाट्याला येऊच नयेत, हा काय न्याय झाला?

मुलीची शाळा एका दिवसात सुटत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल. आधी शेवटचा तास सुटतो, मग पावसाळ्यातले आठ-पंधरा दिवस सुटतात, मग दहावीनंतर आई म्हणते, "पुरे झाले." कॉलेज तालुक्याला असते आणि तेथून परतीची गाडी आणखी उशिराची असते. जूनमध्ये कोणी दाखला न्यायला येत नाही, तेव्हा आम्ही समजून जातो. अशा घरांना मुलीच्या शिक्षणाचा तिटकारा असतो असे बाहेरची माणसे सहज म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. न्यायमूर्ती सच्चर समितीच्या २००६ सालच्या अहवालानेही मुस्लिम पालकांना मुलामुलींना शिकवावयाचे नसते या समजाला आधार दिला नाही. शाळा जवळ नसणे, गरिबी, मुलींच्या सुरक्षिततेची काळजी ही कारणे त्यात मांडली आहेत. बाप विचारतो तो प्रश्न साधा असतो: "पोरगी परत कशी येणार?"

गाडी बंद पडली म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे. कोरोनाच्या दीर्घ सुट्टीनंतर ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग उघडले. महिना होतो न होतो तोच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांची दुःखे खरी होती, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या साडेपाच महिन्यांत पासाची किंमत शून्य झाली. ज्यांना परवडले त्यांची मुले सहा आसनी रिक्षा आणि मिनीडोअरला लटकून आली. ज्यांना परवडले नाही त्यांच्या घरी प्रथम मुलगी थांबली, मुलगा नाही.

आता कायद्याकडे वळू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०११ चे नियम यांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावयास हवी. जेथे शाळा देता येत नाही तेथे वाहतुकीची सोय करण्याची जबाबदारी शासनाची आहे. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांसाठी वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत वाहतूक भत्त्याची तरतूद आहे. ती आठवीपर्यंतच होती. २०२१ मध्ये योजना सुधारून पुढे चालू ठेवली तेव्हा माध्यमिक वर्गांनाही तिच्यात आणले गेले. कागदावर हे चांगलेच आहे. परंतु किलोमीटर मोजणारा मनुष्य उन्हाळ्यात येतो. एप्रिलमध्ये जो पऱ्या कोरडा असतो तो जुलैमध्ये गळ्याएवढा वाहतो, साकव वाहून गेलेला असतो, आणि दीड किलोमीटरची वाट पाच किलोमीटरची होते. आपल्या वाड्यांची अंतरे पावसाळ्यात मोजून, त्याचा नकाशा करून, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावयास हवा. हे काम वर्गणीने होत नाही, पायांनी होते.

या कामाला घाई आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार शिक्षण खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये पुढे आणला. २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात त्या वेळी १४ हजारांवर होत्या, आणि कोकणात तर वाडीगणिक अशी शाळा आहे. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, प्रयोगशाळा असेल, विषयवार शिक्षक असतील, हे मला मान्य आहे. पण सहा वर्षांचे पोर तेथे जाणार कसे, हा प्रश्न शाळा बंद होण्याच्या आधी विचारावयाचा असतो. शाळा आज बंद आणि गाडी पुढच्या वर्षी, अशी बोली आपण कधीही मान्य करू नये.

येथे आपल्या शाळांपुढे एक वेगळा पेच उभा राहतो. आपल्याकडे उर्दू माध्यमाचे मूल दोन मराठी शाळा ओलांडून उर्दू शाळेत येते. शासकीय मोजपट्टीने त्याच्याजवळ शाळा आहे, मग भत्ता कशाला, असे कोणी म्हणू शकेल. प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ३५० अ हे कलम सांगते, आणि अनुदान देताना अल्पसंख्याकांची शाळा म्हणून भेदभाव करू नये असे कलम ३० (२) सांगते. भत्त्यासाठी या आधारे भांडावे लागेल. एसटीच्या पासाची गोष्ट मात्र निराळी आहे. शाळा कोणत्या माध्यमाची, कोणत्या संस्थेची, याच्याशी पासाला कर्तव्य नाही. तो मुलीच्या नावाने निघतो, संस्थेच्या नावाने नाही. म्हणूनच मला ही योजना सर्वांत निर्मळ वाटते.

हा वाद जुना आहे आणि सातासमुद्रापलीकडेही झालेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील युइंग या गावच्या शिक्षण मंडळाने मुलांच्या सार्वजनिक बसचे भाडे पालकांना परत देण्याचे ठरविले. कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनाही ते मिळू लागले. एव्हर्सन नावाच्या करदात्याने हरकत घेतली की धार्मिक शाळेसाठी माझ्या कराचा पैसा का? खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९४७ मध्ये ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल लागला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी बहुमताचा निकाल लिहिला. राज्य आणि धर्म यांच्यामध्ये भिंत आहे आणि ती उंच राहिली पाहिजे, असे त्यांनी बजावून सांगितले. परंतु मुलाला सुरक्षितपणे शाळेत पोहोचविणे ही सर्वांसाठीची लोकोपयोगी सोय आहे, जशी पोलीस आणि अग्निशामक दलाची असते, आणि धर्म पाहून ती कोणाला नाकारता येत नाही, असेही त्यांनी म्हटले. चार न्यायमूर्तींना हे पटले नाही आणि त्यांची बाजू काही लेचीपेची नव्हती. भाडे देणे म्हणजे शाळेला मदत करणेच, असे त्यांचे म्हणणे होते. आपली घटना अमेरिकेच्या घटनेहून वेगळी आहे, आपल्याकडे अल्पसंख्याकांच्या शाळांना अनुदानच मिळते. तरीसुद्धा त्या निकालातला भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. पैसा मुलामागे गेला तर त्याला हरकत घेणे कठीण असते, तो संस्थेच्या खात्यात गेला की दहा प्रश्न उभे राहतात. संस्थेच्या बससाठी शासनाकडे अनुदान मागावे, असे सुचविणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

बिहारची गोष्ट अलीकडची आहे. तेथे २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वेळच्या वेळी दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा ३ किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत फरक अधिक पडला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकलीसाठी साहाय्य मिळते आणि शाळकरी मुलींसाठी निळ्या बसगाड्या धावतात, पण हा कार्यक्रम २२ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांपुरता आहे. शिवाय सायकल सपाटीला ठीक. आपल्या घाटीत मुलगी सायकलवर बसून येणार नाही, सायकलच तिच्या खांद्यावर बसून येईल. (मेळाव्यात येथे हशा पिकला. पण चढ पाहिलेल्या माणसाला यात विनोद वाटू नये.)

आता संस्थेच्या बसकडे येतो. शेजारच्या गोव्यात शासनाने बालरथ योजनेखाली अनुदानित शाळांना बसगाड्याच दिल्या आणि चालक, मदतनीस, देखभाल यांसाठी दरवर्षी अनुदान ठेवले. सोय उत्तम झाली. पण चालक आणि मदतनीसांच्या पगाराचा प्रश्न पुढे आलाच, आणि त्यांनी आंदोलनेही केली. गाडी घेणे सोपे असते, ती चालविणे कठीण. ज्या राज्यात सरकार पाठीशी आहे तेथे ही स्थिती, तर वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या संस्थेचे काय होईल? गाडी एकदा मिळेल. डिझेल दररोज लागेल, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र ठराविक मुदतीने, टायर केव्हाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे गाडीचा रंग, वेगनियंत्रक, आपत्कालीन दरवाजा, मुलींसाठी महिला मदतनीस, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती, हे सर्व आले, आणि ते असलेच पाहिजे. हा खर्च शेवटी पालकांच्या मासिक फीवर येईल. जिचा पास आज मोफत आहे त्या मुलीकडून आपण फी मागणार काय? आणि ती देऊ शकली नाही तर, आपलीच बस तिच्यासमोरून रिकामी बाके घेऊन जाईल आणि ती फाट्यावर एसटीची वाट पाहील, हे चित्र मला सोसवत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे. आगार व्यवस्थापकांना वेळ बदलण्याविषयी तोंडी सांगून काही होत नाही. त्यांना फेरीचा हिशेब वरिष्ठांना दाखवावा लागतो. कोणत्या थांब्यावर किती मुले, किती मुली, शाळा भरण्याची आणि सुटण्याची वेळ, हे एका कागदावर मांडून शाळेच्या शिक्क्यानिशी दिले, तर त्यांच्याही हाती काही तरी येते. आजवर बहुतेक शाळांनी हा कागद दिलेलाच नसतो. शेजारच्या दोन मराठी हायस्कुलांची मुलेही त्याच रस्त्याने जातात. तीन शाळांनी मिळून अर्ज केला तर एक गाडी भरेल, एका शाळेच्या मुलांनी ती भरणार नाही. तेथील मुख्याध्यापकांशी माझे बोलणे झाले आहे आणि ते तयार आहेत. पावणेपाचची गाडी सव्वापाचला करणे बाजारकऱ्यांना अडचणीचे असेल, तर आपणच शाळा अर्धा तास अलीकडे घ्यावी. शाळेची वेळ काही दगडावर कोरलेली नाही.

रमजानचे वेगळे सांगितले पाहिजे. त्या महिन्यात उर्दू शाळा सकाळच्या सत्रात भरतात आणि दुपारी सुटतात. तेव्हा नेहमीची कोणतीच गाडी जुळत नाही, आणि उपाशी-तहानलेली मुले उन्हात दोन-दोन तास फाट्यावर बसतात. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, पण तो केव्हा येणार हे आधी ठाऊक असते. त्याचे पत्र दोन महिने अगोदर गेले पाहिजे, आणि दरवर्षी नवे गेले पाहिजे.

राहिला फाटा ते वाडी हा टप्पा. तेथे एसटी जाणार नाही, रस्ताच तसा नाही. माझ्या मते वर्गणीचा पैसा येथे लागावा. तीन वाड्यांसाठी गावातल्याच परवानाधारक रिक्षांशी महिन्याचा करार करावा. संध्याकाळी गाडी फाट्यावर येईल तेव्हा रिक्षा उभी असावी, तिच्यात वाडीतली एखादी जबाबदार बाई सोबतीला असावी आणि तिला मानधन मिळावे. बसच्या किमतीत हे कित्येक वर्षे चालेल. पुढे शासनाचा भत्ता मंजूर झालाच तर हाच खर्च त्यात बसविता येईल, कारण भत्ता मुलांच्या ये-जा करण्यासाठीच असतो.

काही सभासदांनी मला खाजगीत विचारले की संस्थेचे नाव लिहिलेली गाडी रस्त्यावर दिसली तर संस्थेची शोभा वाढणार नाही का? वाढेल. शोभेसाठी घ्यावयाची असेल तर तसे ठरावात लिहावे, म्हणजे वर्गणी देणाऱ्यांनाही कळेल.

कामाला आजपासूनच सुरुवात करावयाची आहे. सभागृहाच्या दाराशी दोन टेबले मांडली आहेत. पहिल्यावर पासाच्या यादीसाठी मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता आणि चढण्या-उतरण्याचा थांबा लिहून द्यावा. थांब्याचे नाव एसटीच्या तिकिटावर असते तेच लिहावे, वाडीचे लाडके नाव नको, नाहीतर पास भलत्याच थांब्याचा निघतो. दुसऱ्या टेबलावर वाडीपासून शाळेपर्यंतची पावसाळ्यातली वाट लिहून द्यावयाची आहे: कोठे पऱ्या आडवा येतो, कोठे साकव नाही, कोठून वळसा घ्यावा लागतो. ज्या पालकांना लिहिता येत नाही त्यांनी तोंडी सांगावे, नववीच्या मुली लिहून घेण्यास बसल्या आहेत. मेळाव्यास न आलेल्या वाचकांनी हीच माहिती ३१ मेपूर्वी शाळेच्या कार्यालयात पाठवावी. १६ जूनला शाळा उघडते तेव्हा यादी तयार असली पाहिजे.